गाठ गेली, त्यानंतर

तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग बरा झाला, रिपोर्ट चांगले आले, तरी भाकरीचा घास काही सहज उतरत नाही. रेडिएशनने लाळग्रंथींना इजा होते आणि ती पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही. मग भाकरी आमटीत कुस्करायची, भात ताकात कालवायचा, पाण्याची बाटली सोबत ठेवायची.

लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात. इथे नीट ऐका. रेडिएशन मिळालेल्या जबड्यातला दात, उपचारांना दहा वर्षं झाली असली तरी, परस्पर काढून घेऊ नका. त्या हाडाचा रक्तपुरवठा घटलेला असतो. जखम भरणं अवघड जातं, हाड कुजू शकतं. दंतवैद्याला जुनी फाईल आधी दाखवा. फ्लोराइडची पेस्ट रोज वापरा.

जबडाही आखडतो. गुटखा-सुपारीने ज्यांचं तोंड आधीच कमी उघडत होतं, त्यांना हा त्रास जास्त. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये मावतात का, ते घरी पाहता येतं. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम बरं वाटू लागल्यावरही सोडायचे नाहीत. कंटाळवाणे आहेत, कबूल.

मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते, कधी काही वर्षांनी. थकवा, वाढतं वजन, थंडी न सोसणं हे सगळं घरचे वयावर ढकलतात. टीएसएच ही साधी रक्ततपासणी सहा ते बारा महिन्यांनी करून घ्यावी. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे पाठवायला डॉक्टरांना सांगा.