परदेशी निघण्याआधी: आनंदीबाईंचं भाषण

परदेशी शिकायला निघताना आपण व्हिसा, फी, थंडीचे कपडे यांचा विचार करतो. तिथं गेल्यावर आपण कोण असणार, हा प्रश्न मात्र राहूनच जातो. अमेरिकेत डॉक्टरकी शिकायला निघालेल्या आनंदीबाई जोशींना तो टाळता आला नाही. लोकांनीच तो विचारला. त्याचं उत्तर द्यायला २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात त्या बोलायला उभ्या राहिल्या, तेही इंग्रजीत. वय अठराही पूर्ण नव्हतं. डॉक्टर स्त्रियांची इथं गरज आहे, म्हणून मी अमेरिकेला जाते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढं अमेरिकेत, फिलाडेल्फियाला शिकतानाही साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. तिथल्या थंडीत हे सोपं नसणार! १८८६ मध्ये पदवी मिळवताना प्रबंधाचा विषयही त्यांनी घरचाच निवडला: हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र.

पण उत्तर एकच असतं असं नाही. त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई १८८३ मध्येच इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मला दोघींचा निर्णय सारखाच धीट वाटतो. वाटा वेगळ्या असूनही आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियाला हजर होत्या.