गाळलेल्या पाण्यात काय उरतं?

मी दिव्याहून बोलते आहे. बचत गटांच्या कामामुळे माझं तुमचं बोलणं बहुतेक हप्ते, कर्ज आणि बँक यांवरच होतं. आज मात्र पाण्याबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी तुम्हाला थेट उत्तर ध्रुवापर्यंत नेणार आहे. घाबरू नका, सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातूनच करू.

आपण चहा गाळतो तेव्हा चोथा गाळणीत राहतो. रंग, चव आणि कडवटपणा मात्र कपात उतरतो. गाळणी कितीही बारीक घ्या, फडकं चौपदरी करा, तो रंग काही गाळला जात नाही, कारण तो पाण्यात विरघळलेला असतो.

निसर्गातही असाच चहा रोज होत असतो. आमच्या दिव्याच्या खाडीकडेला तिवरं आहेत. त्यांची पानं चिखलात गळतात, कुजतात. भरतीचं पाणी त्यांच्या मुळांशी येतं आणि ओहोटीला परत जाताना त्या पानांचा अर्क सोबत घेऊन जातं. तुमच्या गावच्या ओढ्यातही झाडपाला, शेण, माती यांचा अर्क उतरतोच. याला शास्त्रज्ञ म्हणतात, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. नाव मोठं असलं तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

आता ध्रुवाकडे जाऊ. उत्तर ध्रुवाभोवती आर्क्टिक महासागर आहे. रशियाच्या सायबेरिया भागातल्या ओब, येनिसेई आणि लेना या प्रचंड नद्या त्याला मिळतात. वाटेत जंगलं आणि दलदली लागतात, म्हणून त्यांचं पाणी चहासारखं तपकिरी होतं. जगातल्या सगळ्या समुद्रांच्या पाण्यापैकी आर्क्टिकमध्ये आहे साधारण 1 टक्का. पण जगातल्या नद्यांचं जवळपास 10 टक्के पाणी त्यात येऊन पडतं. मग एवढं गोडं पाणी पुढे जातं कुठे? वर तर बर्फ असतो, खालचं काही दिसत नाही.

याचा पहिला सुगावा एका बुडालेल्या जहाजाने दिला. 1881 साली जेनेट नावाचं जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचं सामान सापडलं थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर, म्हणजे ध्रुवाच्या पार पलीकडे! नॉर्वेच्या नान्सेन यांनी ओळखलं की बर्फाखालून प्रवाह वाहत असणार. त्यांनी फ्राम नावाचं मजबूत जहाज बांधून घेतलं आणि 1893 मध्ये ते मुद्दाम बर्फात अडकवलं. बर्फाबरोबर सरकत सरकत ते 1896 मध्ये स्वालबार्ड बेटांजवळ मोकळ्या पाण्यात बाहेर पडलं. प्रवाह आहे, हे सिद्ध झालं.

आज त्यासाठी जहाज अडकवावं लागत नाही. बाटलीभर पाणी पुरतं. बँकेत नोट तपासायचा जांभळा दिवा तुम्ही पाहिला असेल. त्याखाली खऱ्या नोटेतले तंतू चमकतात. तसलाच अतिनील प्रकाश गाळलेल्या पाण्यावर टाकला की त्यातला विरघळलेला अर्क निळसर चमकतो. किती चमकतो आणि कोणत्या रंगात, यावरून तो जमिनीवरून आला की समुद्रातच तयार झाला, याचा अंदाज येतो. शिवाय लाकडाला कणखर करणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ तो बनवत नाही. त्यामुळे भर समुद्रातल्या पाण्यात लिग्निन सापडलं, की समजायचं, हे पाणी कुठल्या तरी जंगलातून आलं आहे.

याचा उपयोग असा. आर्क्टिकमध्ये गोडं पाणी दोन वाटांनी येतं. एक नद्यांचं, दुसरं समुद्रावरचा बर्फ वितळून झालेलं. नुसता खारटपणा मोजला तर दोन्ही सारखीच वाटतात. पण नदीच्या पाण्यात जंगलाचा अर्क असतो आणि बर्फाच्या पाण्यात तो फारच थोडा. म्हणून खारटपणा आणि अर्क दोन्ही मोजले, की कोणतं पाणी कुठून आलं ते वेगळं करता येतं. सायबेरियाच्या नद्यांचं पाणी ध्रुवाजवळून जातं आणि ग्रीनलंड व स्वालबार्ड यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीतून बाहेर पडतं, हे असं कळतं. नान्सेन यांच्या जहाजाचीच ती वाट!

या दाराशी आपली माणसंही आहेत. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डवर 2008 पासून भारताचं हिमाद्री हे संशोधन स्थानक आहे. 2014 मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या कोंग्सफ्योर्ड खाडीत इंडआर्क नावाची यंत्रणा पाण्याखाली उभी केली. ती पाण्याचं तापमान, खारटपणा आणि प्रवाह नोंदवते. ध्रुवाकडच्या बदलांचा आपल्या मान्सूनशी काय संबंध आहे, हे समजून घेणं हा त्यामागचा एक हेतू.

हे सगळं कशासाठी? उत्तर अटलांटिकमध्ये थंड, खारट पाणी जड होऊन खोल बुडतं आणि त्यातून पृथ्वीभर उष्णता वाटणारे प्रवाह चालतात. गोडं पाणी हलकं असतं. ते तिथे जास्त साचलं तर हे बुडणं मंदावू शकतं. शिवाय सायबेरियाची हजारो वर्षं गोठलेली जमीन आता वितळते आहे आणि तिच्यातला जुना अर्क नद्यांत उतरतो आहे. म्हणून त्या पाण्याचा माग ठेवावा लागतो.

आता परत आपल्या हंड्याकडे येऊ. ध्रुवावरचं पाणी आपल्याला एक गोष्ट शिकवतं. पाण्यात जे विरघळतं ते नाहीसं होत नाही. आमच्या दिव्यात वर्षानुवर्षं कचऱ्याचे ढीग पडले. पाऊस अशा ढिगातून झिरपतो तेव्हा त्याचाही काढा होतो आणि तो जमिनीत मुरतो. गावाकडे शेतातल्या खताचा नायट्रेट असाच विहिरीत उतरतो. असं पाणी फडक्याने गाळून नितळ दिसेल. उकळून जंतू मरतील, म्हणून उकळायचंच. पण विरघळलेला नायट्रेट किंवा फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. लहान बाळांना नायट्रेटचा धोका तर फार मोठा.

म्हणून पाणी डोळ्यांनी नाही, तपासणीने ओळखायचं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आणि गावाला तपासणीचा संच द्यायचा, अशी तरतूद आहे. पुढच्या मासिक बैठकीत विचारा, आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण? संच कुठे आहे? शेवटची तपासणी कधी झाली? उत्तर मिळालं नाही तर ग्रामसभेत विचारा. तपासणी झाली की विहीर, तारीख आणि आकडा वहीत लिहा, जसा हप्ता लिहितो तसाच. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, एवढं केलं तरी दोन-तीन वर्षांत विहिरीत काय वाढतंय ते तुमच्याच वहीत दिसेल. ध्रुवावरचे शास्त्रज्ञ दुसरं काय करतात? तेही दर वर्षी त्याच जागचं पाणी तपासतात आणि आकडे लिहून ठेवतात.

वही आजच काढा, मैत्रिणींनो.