ठेवीची तारीख

मैसूरजवळच्या वरुणेसारख्या खेड्यात दारिद्र्यरेषेखालील घरी कन्या जन्मली, तर तिच्या नावे सरकार ठेव ठेवते. कर्नाटकाची ही ‘भाग्यलक्ष्मी’ योजना २००६-०७ साली सुरू झाली. अठरापूर्वी विवाह होऊ नये, ही तिची एक अट. २०२०-२१ पासून ही योजना टपालातील सुकन्या समृद्धी खात्याशी जोडली गेली. सरकार वर्षाला ३,००० रुपये, अशी १५ वर्षे भरते. महाराष्ट्राच्या २०२३ च्या ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातील मुलीला टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळावयाचे आहेत. पैकी ७५,००० अठराव्या वर्षी.

हा भेद क्षुल्लक नव्हे. महाविद्यालयाचे शुल्क अठराव्या वर्षाच्या सुमारास दारात उभे राहते. सुकन्या खात्याची मुदत मात्र ते उघडल्यापासून २१ वर्षांनी भरते. तत्पूर्वी शिक्षणासाठी फार तर निम्मी शिल्लक काढता येते. उरलेली रक्कम हाती येते, तेव्हा घरात लग्नाची बोलणी चालू असतात. मग ती कोणत्या खर्चास जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून रकमेइतकेच तिच्या तारखेलाही महत्त्व आहे. विद्येसाठी ठेवलेला पैसा विद्येच्या वेळी हाती पडला, तरच ती ठेव सार्थ होय.