केबिनीखालचे पाणी
(खाडीकाठच्या रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज आपण होडीविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी बरेचजण दर्यावर जातात. जे जात नाहीत, त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी जातंच. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

लाकडाच्या होडीत थोडं पाणी यायचंच. त्यात नवल नाही. ते दिसतं, आपण उपसतो, काम झालं. पण एक पाणी असं असतं की ते दिसत नाही. यांत्रिक होडीच्या केबिनीत फळ्यांची जमीन असते. खलाशी तिच्यावर जेवतात, तिच्यावरच झोपतात. त्या जमिनीखाली हातभर पोकळी असते. पाणी त्या पोकळीत साठतं. वर जमीन कोरडी ठणठणीत, आणि खाली पाणी हिंदकळतंय!

कोणी म्हणेल, "साठलं तर साठलं. पंप आहे की!"

पंप आहे, हे खरं. पण पंपामुळेच पुष्कळदा घात होतो. पंप आपोआप सुरू होतो, पाणी फेकतो, बंद होतो. आज तो दोनदा चालला की दहादा चालला, हे कोण मोजतं? एक दिवस बॅटरी उतरते. किंवा पंपाच्या तोंडात चिंधी अडकते. मग कळतं की पाणी किती येत होतं.

थोडा हिशोब करू. सेकंदाला एक थेंब गळतो असं धरा. दिवसाचे सेकंद होतात ८६,४००. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे दिवसाला चार लिटरांहून थोडं जास्त. हे काही फार नाही. आता दुसरा हिशोब घ्या. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंच रुंदीचं भोक पडलं. त्यातून मिनिटाला ६० लिटरच्या आसपास पाणी आत येतं. म्हणजे मिनिटाला चार घागरी. दोन माणसं बादल्या घेऊन किती वेळ पुरी पडतील?

शिवाय साठलेलं पाणी एका जागी बसत नाही. होडी डावीकडे कलली की तेही डावीकडे धावतं आणि होडीला आणखी कलवतं. लाट मोठी असली तर एवढंही पुरतं.

आता हे पाणी शोधायचं कसं? आधी एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. पाणी जिथे दिसतं, तिथून ते आलेलं नसतं. कौलारू घरात बघा. कौल फुटतं एकीकडे, पाणी वाशावरून ओघळतं आणि ठिबकतं दुसऱ्याच खोलीत. होडीतही तेच. होडीचा कणा, ज्याला आपण पठाण म्हणतो, त्याच्यावर बरगड्या बसवलेल्या असतात. पाणी बरगडीवरून उतरतं, पठाणाच्या कडेने वाहतं आणि सर्वांत खोल जागी जाऊन बसतं. पुष्कळ होड्यांत मागचा भाग खोल बसतो, आणि केबिनही मागेच असते. त्यामुळे सगळ्या होडीचं पाणी केबिनीखाली जमतं, आणि बोल लागतो केबिनीला.

म्हणून पहिला प्रश्न 'कुठून?' हा नाही. पहिला प्रश्न 'कसलं पाणी?' हा आहे. खारं की गोडं?

चव घेऊन बघू नका. त्यात डिझेल असतं, मासळीची घाण असते. एका वाटीत थोडं पाणी घ्या आणि त्यात साधा अंगाचा साबण चोळा. पावडर नको, तिला खाऱ्या पाण्यातही फेस येतो. साबणाला चांगला फेस आला तर पाणी गोडं. फेस न येता साबण फाटला, तर पाणी खारं असण्याचा संभव फार. खात्री करायची तर थोडं पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी सुकलं की ताटलीवर पांढरा थर राहतो. डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो.

पाणी गोडं निघालं तर समुद्राला दोष देऊ नका. पिण्याच्या पाण्याची टाकी बघा, तिचा पाइप बघा. पावसाचं पाणी केबिनीच्या खिडकीतून किंवा वरच्या फळ्यांच्या सांध्यातून येतं का, ते बघा. बर्फाच्या खणाला लागून भिंत असेल तर तिला घाम सुटतो, तोही खाली उतरतो. बर्फाचं वितळलेलं पाणी असेल तर वासावरूनच कळेल. गोडं आहे म्हणून हयगय मात्र करू नका. लाकूड कुजतं ते जास्त करून गोड्या पाण्याने. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी तेवढी वाढत नाही. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं.

पाणी खारं निघालं तर मात्र शोध लांबचा.

इथे आम्ही पाहिलेली एक हकिगत सांगतो. गावाचं नाव सांगत नाही.

एका नाखव्याच्या होडीत केबिनीखाली रोज पाणी निघे. होडीवर एक पोरगा नवीन खलाशी होता. पिण्याचं पाणी भरण्याचं काम त्याच्याकडे. नाखवा म्हणाला, "हाच पिंपाचं झाकण नीट लावत नाही. पाणी सांडतं ते खाली जातं." त्याने पोराच्या हिश्श्यातून पैसे कापले. पोरगा गरीब, बोलला नाही. तांडेलाला ते पटेना. पण नाखव्यापुढे तो तरी काय बोलणार?

तांडेल नुकताच लिहायला शिकला होता. त्याने एक केलं. रोज होडी लागली की तो एक फळी उचली, काठी घालून पाणी मोजी आणि केबिनीच्या भिंतीवर खडूने लिही. त्याचं लिहिणं असं होतं:

सोमवार. भरून आलो. २ इंच.
मंगळवार. मासळी नाही. अर्धा इंच.
बुधवार. गेलो नाही. काही नाही.
गुरुवार. भरून आलो. सव्वादोन इंच.

रोज मोजून झालं की पाणी काढून टाकी. आठ दिवसांनी होडीचे म्हातारे सुतार आले. त्यांनी भिंत वाचली. मग साबण मागितला. साबणाला फेस आला नाही.

सुतार म्हणाले, "नाखवा, पिंपातलं पाणी खारं असतं काय हो?"

नाखवा गप्प झाला. पोराचे कापलेले पैसे त्याने त्याच आठवड्यात दिले, असं तांडेलाने आम्हाला सांगितलं.

पण भोक अजून सापडलं नव्हतं. सुतारांनी काय केलं ते नीट ऐका.

आधी सगळं पाणी काढलं, तळ फडक्याने पुसला आणि एक अख्खा दिवस फळ्या उघड्या टाकून वाळवला. हे काम बहुतेक लोक करत नाहीत. ओल्या तळात ओल शोधायची म्हणजे चिखलात हरवलेली सुई शोधण्यासारखं आहे. मग होडी धक्क्याला बांधून रात्रभर नुसती ठेवली. सकाळी तळ कोरडा. म्हणजे रिकामी होडी जेवढी बुडते, तिथपर्यंत फळ्या आणि सांधे ठीक. मग धक्क्यालाच बांधून इंजिन चालवलं, पंखाही फिरवला. ग्लँडमधून मधूनमधून थेंब येत होता. दोरी भरलेल्या ग्लँडला पंखा फिरत असताना थोडा थेंब लागतोच, नाहीतर दोरी तापून जळते. पंखा थांबला की थेंब थांबला पाहिजे. तो थांबला. गार पाण्याचे पाइप, त्यांच्या पट्ट्या, वॉल्व, सगळं कोरडं होतं.

राहिलं काय? भिंतीवर लिहिलेलं होतंच. भरून आलो की पाणी जास्त. भरलेली होडी खोल बसते. तेव्हा भोक असणार ते रिकाम्या होडीच्या पाण्याच्या रेघेवर, आणि भरलेल्या होडीच्या रेघेखाली. म्हणजे वीतभर पट्टा.

सुतारांनी वाळूची पोती मागवली. धक्क्यालाच होडी वीतभर खाली बसवली. बरगड्यांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी भोकं असतात, ती चिंध्यांनी बंद केली. शेतात आपण बांध घालून वाफे करतो ना, तसे होडीच्या तळात वाफे झाले. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात जाणार नाही. मग प्रत्येक वाफ्यात आणि बरगड्यांच्या कडेने कोरडी रांगोळी भुरभुरवली. आणि सगळे बिड्या ओढत धक्क्यावर बसले. (बिडी होडीत ओढायची नाही. त्याचं कारण पुढे येईल.)

अर्ध्या तासाने केबिनीखालची रांगोळी पांढरीच होती. ओली काळपट रेघ उमटली होती केबिनीपासून आठ हात पुढे, उजव्या बाजूच्या एका बरगडीवर. वर आतून प्लायवूड मारलेलं होतं. ते काढलं. होडी धक्क्याला घासू नये म्हणून बाहेरून जाड लाकूड मारतात, त्याचा एक बोल्ट गंजून काडीसारखा झाला होता. त्याच्या भोकातून पाणी येई, प्लायवूडमागून बरगडी धरून उतरे आणि केबिनीखाली जाई. खर्च आला एका बोल्टचा, थोड्या कापसाचा आणि सुतारांच्या मजुरीचा.

सगळ्यांच्या होडीत बोल्टच निघेल असं नाही. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवली की फळ्या वाळून आखडतात. पुन्हा पाण्यात टाकली की पहिले काही दिवस सांध्यांतून पाणी येतं. लाकूड फुगलं की ते थांबतं. नाही थांबलं तर सांध्यातला कापूस गेला समजा. लाकूड पोखरणारा दर्यातला किडाही असतो. तो खरं म्हणजे शिंपल्याच्या जातीचा जीव आहे. आत शिरतो तेव्हा त्याचं भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं. आत मात्र तो बोटाएवढं बीळ करतो. बाहेरून फळी धड दिसते, म्हणून हातोडीने ठोकून बघावी. पोकळ आवाज आला तर तिथे टोचून बघा.

खाडीत होडी ओहोटीला चिखलावर बसत असेल तर आणखी सोपी युक्ती आहे. आतलं थोडं पाणी काढू नका. ओहोटी झाली की बाहेरून फिरून बघा. जे पाणी आत आलं, ते त्याच वाटेने बाहेर ठिबकताना दिसेल. तिथे खडूने खूण करा.

भोक सापडलं की काही लोक आतून सिमेंट थापतात. आम्हाला ते पसंत नाही. बाहेरचं पाणी त्या थापीला आत ढकलत राहतं, थापीमागे ओल राहते, फळी कुजते, आणि पुढच्या खेपेला भोक शोधायला जागाही उरत नाही. बुजवायचं ते बाहेरून. दर्यात असताना अडचण आली तर गोष्ट वेगळी. तेव्हा चिंधी गुंडाळलेली मऊ लाकडाची खुंटी ठोकावी. बुडाला जिथे जिथे पाइपाचं भोक आहे, तिथे त्या मापाची खुंटी दोरीने बांधूनच ठेवावी. अंधारात शोधाशोध नको.

आता बिडीचं. पुष्कळ होड्यांत केबिनीतच गॅसची शेगडी असते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फळ्यांखाली जाऊन बसतो. फळी उचलली आणि काडी ओढली, की भडका. म्हणून आधी सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, फळ्या काढून बराच वेळ वारा खेळू द्या.

दुसरं विष डोळ्यांना दिसत नाही. मासळीचं पाणी बंद जागी कुजलं की त्यातून विषारी वायू सुटतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग नाक बधिर होतं आणि वासही येईनासा होतो. गटारात माणसं दगावतात, ती पुष्कळदा याच रीतीने. मासळीच्या बंद खणात किंवा फळ्यांखाली उतरायचं तर एक माणूस वर उभा हवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा. आणि खालचा माणूस पडला तर वरच्याने त्याच्यामागे उडी मारायची नाही. दोराने ओढायचं, माणसं हाका मारून बोलवायची. एकाला काढायला गेले आणि दोघे-तिघे गेले, असं पुष्कळ ठिकाणी झालेलं आहे.

पुढच्या वर्गाला ज्यांच्या घरी होडी आहे, त्यांनी एक वही आणावी. तिच्यात चार रकाने आखू: वार, होडी भरलेली की रिकामी, इंजिन किती तास चाललं, पाणी किती इंच.