साखळीची लांबी आणि पापुद्र्याचें बळ

मेणबत्तीचें मेण व पॉलिथीनची पिशवी हीं एकाच कुळांतलीं भावंडें होत. दोहोंच्या रेणूंत कार्बनचे अणु मण्यांप्रमाणें ओळीनें जोडलेले असून त्यांना हायड्रोजन चिकटलेला असतो. मेणाच्या साखळींत हे मणी वीस-चाळीस, पॉलिथीनच्या साखळींत हजारों. फरक एवढाच, परंतु मेणाचा पापुद्रा बोटांत चुरतो आणि पिशवी भाजीचा भार सोसते!

कारण आहे गुंत्यांत. दोऱ्याचे आखूड तुकडे ओढतांच सुटे होतात. लांब दोऱ्यांचा गुंता सहसा सुटत नाहीं. अमेरिकेंत कॅरोथर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनीं १९३० सालीं एका पॉलिएस्टरमधील पाणी काढून टाकीत साखळ्या लांबविल्या, तेव्हां त्या रसांतून रेशमासारखा चिवट तंतु ओढतां आला. मात्र लांबी फारच वाढविली, तर बळांत थोडीच भर पडते आणि रस इतका दाट होतो, कीं तो फुगवून पातळ पापुद्रा काढणें यंत्रालाही जड जातें.

ऊन हा या साखळ्यांचा वैरी. अतिनील किरण व प्राणवायु मिळून त्या मध्येंच तोडतात. पावसाळ्यासाठीं छपरावर अंथरलेला प्लॅस्टिकचा साधा कागद पुढें उन्हानें तडकतो, तो यामुळेंच. घरांत त्याला ‘कुजला’ म्हणतात. पण तो कुजत नाहीं, त्याच्या साखळ्या आखूड होतात, आणि त्याचा चुरा मातींत नि पाण्यांत वर्षानुवर्षें पडून राहतो.