गावाचा वाटा : सयाजीराव आणि मोतीभाई यांचे ग्रंथालयकार्य



सुरतेहून हजिऱ्याच्या दिशेने निघाले म्हणजे वाटेत इच्छापोर लागते. स्वातंत्र्यापूर्वी या परिसराची राज्यव्यवस्था मोठी गुंतागुंतीची होती. सुरत जिल्हा ब्रिटिश अमलाखाली, तर शेजारचा नवसारी प्रांत बडोद्याच्या गायकवाडांकडे. आणि दोहोंच्या सीमा एकमेकींत शिरलेल्या. त्या सीमेपलीकडे, काही कोसांवर, खेड्यातील शेतकऱ्यालाही सार्वजनिक ग्रंथालय मिळावे यासाठी एक आगळा प्रयोग चालू होता. त्यामागे दोन पुरुष होते : एक राजा आणि एक शाळामास्तर.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ साली जन्मलेले सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आले. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काहीच नसेल, तर शिकलेली अक्षरे चार-पाच वर्षांत पुसली जातात, हा अनुभव लवकरच आला. ग्रंथालय हा शाळेचा उत्तरार्ध आहे, हे त्यातून उमगले.

त्याच सुमारास पेटलाद भागातील वसो गावचे मोतीभाई अमीन हे शिक्षक मित्रमंडळामार्फत खेडोपाडी वाचनालये काढीत होते. त्यांच्यापाशी धन नव्हते. होती ती चिकाटी आणि गावोगावच्या माणसांची ओळख. पुढे ते राज्याच्या ग्रंथालय खात्यात आले आणि लोकांची चळवळ व सरकारची योजना यांचा सांधा जुळला. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. स्वतःच्या संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयास दिले. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाला. हिंदुस्थानातील तो पहिलाच होय.

या योजनेची खरी खुबी मात्र पैशाच्या रीतीत होती. खेड्याने वर्षाला १०० रुपयांपर्यंत जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने. इमारतीचा खर्चही असाच तीन वाट्यांत विभागला जाई. राजाला सारे फुकट देणे अवघड नव्हते. तथापि फुकटची पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात, हे आजही अनेक ठिकाणी दिसते. वर्गणीचे चार आणे देणारा माणूस पुस्तक आले की नाही हे विचारावयास येतो. अर्थात, गरीब वस्तीला तेवढेही जड जाई, ही या पद्धतीची उणीव नाकारता येत नाही. अशा गावांसाठी फिरती ग्रंथालये होती : निवडक पुस्तकांनी भरलेली भक्कम लाकडी पेटी गावी पाठविली जाई, ठरलेल्या मुदतीनंतर ती परत येई, आणि नेआणीचा खर्च सरकार सोशी.

दोघांचेही लक्ष विद्यार्थ्यांकडे तितकेच होते. मोतीभाईंनी खेड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे चालविली. १९१६ साली स्थापन झालेल्या चरोतर एज्युकेशन सोसायटीमागे त्यांचीच प्रेरणा होती. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दहा वर्षे राज्याची नोकरी करावयाची, ही त्या शिष्यवृत्तीची अट होती. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले; परंतु त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही अस्पृश्य म्हणून त्यांना बाहेर पडावे लागले आणि अखेर नोकरी सोडून ते मुंबईस परतले. राजाच्या शिष्यवृत्तीने त्यांना सातासमुद्रापार पोहोचविले होते. राजधानीतील एका खोलीचे दार मात्र तिला उघडता आले नाही. शिक्षणाला साहाय्य करणाऱ्यांनी या प्रसंगाकडे डोळेझाक करू नये.

१९३९ च्या फेब्रुवारीत, पहिल्याच आठवड्यात, मोतीभाई आणि सयाजीराव अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने निवर्तले. तोवर बडोदे राज्यातील ग्रंथालयांची संख्या हजारावर गेली होती. १९४९ मध्ये ते राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. गुजरातेत तसा कायदा २००१ साली झाला. बडोद्याची खेडी मात्र स्वतःची वर्गणी घेऊन त्यापूर्वी कित्येक दशके पुढे आली होती.