होळीच्या आत गच्ची मोकळी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ‘गच्चीवरची बाग’ या विषयावर केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवात टोमॅटोचं काय काम, असं काहींना वाटेल. पण गच्चीवर कुंड्या ठेवू द्यायच्या की नाही, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना गळतीची धास्ती आहे आणि ती रास्त आहे. इमारत २५ वर्षांची झाली. दोन्ही बाजूंना चालेल असं एक पीक मला सुचवायचं आहे: लवकर पिकणारा हायब्रीड टोमॅटो.

पाकिटावर ‘५५ ते ६० दिवस’ असं लिहिलेलं असतं. हे दिवस बी पेरल्यापासूनचे नव्हेत, रोप कुंडीत लावल्यापासूनचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला आपापल्या बाल्कनीत ट्रेमध्ये बी पेरायचं. २५-३० दिवसांत रोप वीतभर होतं. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते गच्चीवर न्यायचं. डिसेंबरच्या सुरुवातीला पहिली फळं लाल होतात आणि फेब्रुवारीअखेर तोडा संपतो. उशिराच्या जातींना ७५-८० दिवस लागतात, त्यांचा तोडा उन्हाळ्यात जातो. पुण्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतात; मग आपण नुसतं पाणी घालत बसायचं. लवकरची जात होळीच्या आत आटोपते. एप्रिल-मेमध्ये गच्ची मोकळी: वॉटरप्रूफिंगच्या डागडुजीला आणि पापड-कुरडयांनाही! घेताना झुडपासारखी, बुटकी वाढणारी जात आहे ना, ते बघा. तिची फळं थोड्या दिवसांत एकदम येतात.

आता वजनाचं. रंगाची २० लिटरची बादली नुसत्या मातीने भरून भिजवली, तर ती ३० किलोच्या आसपास जाते. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या भागाने घेतलं तर बरीच हलकी होते. बुडाला भोकं पाडा, खाली ताटली ठेवा आणि सगळं विटांवर उचलून घ्या, म्हणजे स्लॅब वाळत राहील. बादल्या कठड्याच्या कडेने, स्लॅबच्या मधोमध नकोत. किती ठेवायच्या, ते स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरना विचारूनच ठरवू. स्लॅबवर थेट माती पसरायची नाही, हे तर पक्कंच.

निगा फार नाही. सहा तास ऊन हवं. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. पाणी नियमित द्या. दोन दिवस कोरडं आणि मग धो-धो, असं केलं की फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो. फुलं आली की आधाराच्या काठीला टिचकी मारा, परागकण पडतात आणि फळ धरतं. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क फवारा. तरीही पानं वळून झाड खुजं राहिलं, तर माया न करता उपटून टाका. नाहीतर तो रोग माशीबरोबर शेजारच्यांच्या बादलीत जातो.

एक पथ्य मात्र पाळा. हायब्रीडच्या फळातलं बी पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. पुढच्या पिढीत गुण फुटतात: एक झाड लवकरचं, दुसरं उशिराचं. मग आपलं होळीचं वेळापत्रकच कोलमडेल. दरवर्षी नवं पाकीट आणायचं. चार घरांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं.

पैसे वाचतील म्हणून मात्र लावू नका. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने शंभरी ओलांडली होती, पण ऐन पावसाळ्यात आपल्या बादल्या रिकाम्याच असणार. थंडीत नारायणगावचा टोमॅटो आपल्यापेक्षा स्वस्त पडेल. फायदा वेगळा आहे. झाडावर पूर्ण लाल झालेलं फळ तोडून त्याच संध्याकाळी सार करता येतं. आणि लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी माणसं गच्चीवर पाणी घालता घालता बोलायला लागतात.

म्हणून विनंती एवढीच, की सभेत कायमची परवानगी मागू नये आणि कायमची बंदीही घालू नये. ऑक्टोबर ते होळी, एवढीच मुदत द्या. मधेच कुणाच्या छताला ओल आली, तर त्याच दिवशी बादल्या खाली उतरवायच्या, हेही ठरावात लिहा. उतरवायला आम्ही बागवाले सगळे येऊ.